बीज, क्षेत्र आणि कलल : गर्भधारणेच्या विचाराचा इतिहास

मनुष्य मातेच्या उदरात कसा येतो, हा प्रश्न वरवर पाहता वैद्यकाचा वाटतो. परंतु भारतीय समाजाच्या इतिहासात तो केवळ वैद्यकापुरता कधीच राहिला नाही. मूल कोणाचे, त्याची जात कोठून येते, मूल न झाल्यास दोष कोणाचा, मुलीच झाल्यास दोष कोणाचा, या सर्व प्रश्नांची उत्तरे गर्भधारणेच्या एका विशिष्ट कल्पनेवर उभी केली गेली. ती कल्पना खोटी होती हे आज शाळेत विज्ञान शिकणारे मूलही सांगू शकेल. तरीही तिच्या आधाराने उभारलेली व्यवस्था पूर्णपणे मोडलेली नाही. म्हणून या कल्पनेचा इतिहास तपासणे आम्हास धम्माच्या अभ्यासाचेच एक अंग वाटते.

प्रस्तुत लेखात प्रथम धर्मशास्त्रातील बीज-क्षेत्राचा सिद्धांत, त्यानंतर पालि सुत्तांतील गर्भविचार आणि शेवटी सतराव्या शतकापासून आजवर विज्ञानाने लावलेला शोध, असा क्रम आम्ही ठेवला आहे. या तिन्हींची तुलना करताना एक पथ्य पाळणे आवश्यक आहे. अडीच हजार वर्षांपूर्वीच्या सुत्तांत आधुनिक जीवशास्त्र शोधण्याचा मोह आपण टाळला पाहिजे. तो का टाळावा आणि तो टाळूनही बुद्धवचनाचे मोल कसे वाढतेच, हेच आम्हास दाखवावयाचे आहे.

बीज आणि क्षेत्र

धर्मसूत्रांच्या काळापासून ब्राह्मणी परंपरेत एक वाद चालत आला. शेत एकाचे आणि बी दुसऱ्याने पेरले, तर पीक कोणाचे? हा वाद शेतीचा नव्हता. नियोगाने झालेला 'क्षेत्रज' पुत्र शेताच्या धन्याचा की पेरणाऱ्याचा, हा त्यातील खरा प्रश्न होता. येथे शेत म्हणजे स्त्री, धनी म्हणजे पती आणि बी म्हणजे पुरुषाचे वीर्य. मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात हा विचार सविस्तर मांडला आहे. स्त्री हे क्षेत्र आणि पुरुष हे बीज असे सांगून, काही अपवाद मान्य करूनही, दोहोंपैकी बीजच श्रेष्ठ ठरविले आहे. कारण उगवणाऱ्या रोपात बीजाचे गुण उतरतात, मातीचे नव्हे.

या उपमेने काय साधले, ते पाहावे. एक, स्त्रीचा अपत्यातील वाटा केवळ जागा आणि ओलावा एवढाच उरला. दोन, कुळ, गोत्र व वर्ण ही बीजाची मालमत्ता झाली. तीन, जमिनीला जसे कुंपण तसा स्त्रीला पहारा लागला; कारण परके बी पडू नये ही धन्याची चिंता. जातीअंतर्गत विवाहाचे बंधन, स्त्रीच्या चारित्र्यावरील पाळत आणि 'वांझ' हा शब्द यांचे मूळ या एका उपमेत सापडते. नापीक जमीन असते. नापीक बियाण्याचा विचार मात्र कोणी सहसा केला नाही.

निःपक्षपाताने हेही नोंदविले पाहिजे की, प्राचीन भारतातील वैद्यांचे मत इतके एकांगी नव्हते. चरकसंहितेच्या शारीरस्थानात गर्भाची काही अंगे मातेपासून व काही पित्यापासून येतात, असे वर्गीकरण आढळते. रक्त, मांस, हृदय ही मातेकडून, तर केस, नखे, दात, हाडे ही पित्याकडून असे तेथे मानले आहे. तपशील आज टिकणारा नाही, परंतु दोघांचाही वाटा आहे हे रुग्ण पाहणाऱ्या वैद्यास कळत होते. आईच्या चेहऱ्याचे मूल रोज डोळ्यांसमोर असताना ते न कळणेच कठीण. समाजाचे कायदे मात्र वैद्याने केले नाहीत.

बीजाला श्रेष्ठ मानणारे केवळ येथेच होते असेही नाही. ग्रीसमध्ये ॲरिस्टॉटलने स्त्रीकडून द्रव्य आणि पुरुषाकडून आकार व गती येते असे शिकविले, आणि युरोपने ते मत शतकानुशतके शिरोधार्य मानले. फरक इतकाच की, आपल्याकडे त्या मतावर वर्णव्यवस्थेची इमारत चढविली गेली.

अस्सलायनाला विचारलेला प्रश्न

मज्झिमनिकायातील अस्सलायन सुत्त आपल्या वाचकांस परिचित आहे. श्रावस्ती येथे जमलेले ब्राह्मण सोळा वर्षांच्या विद्वान अस्सलायनाला पुढे करतात. ब्राह्मण हाच श्रेष्ठ वर्ण, ब्राह्मण हे ब्रह्म्याच्या मुखातून जन्मले, असा त्यांचा दावा आहे. तथागतांचे पहिले उत्तर अतिशय साधे आहे. ब्राह्मणांच्या स्त्रियाही ऋतुमती होताना, गर्भार राहताना, बाळंत होताना आणि मुलांस अंगावर पाजताना दिसतात. मग मुखातून जन्म कसा? वेदवाक्याला येथे दुसऱ्या वाक्याने उत्तर दिलेले नाही. घराघरांत दिसणारी बाळंतीण पुरावा म्हणून पुढे केली आहे.

पुढे तथागत घोडी आणि गाढव यांच्या संकराचे उदाहरण घेतात. त्यांच्यापासून खेचर होते आणि ते दोघांहून वेगळे दिसते. परंतु क्षत्रिय तरुण व ब्राह्मण कन्या यांना झालेला मुलगा आईसारखाही असतो आणि बापासारखाही. त्याला क्षत्रियही म्हणता येईल आणि ब्राह्मणही. या युक्तिवादात दोन गोष्टी गृहीत आहेत. अपत्यात माता व पिता दोघेही उतरतात, आणि वर्णभेद हा प्राण्यांच्या जातींसारखा भेद नाही. वासेट्ठ सुत्तात हाच विचार आणखी विस्ताराने येतो. तृण, वृक्ष, कीटक, पक्षी यांच्यात जन्मजात वेगळी चिन्हे असतात, मनुष्यामनुष्यांत मात्र तशी नसतात, असे तेथे एकेका अवयवाचे नाव घेऊन सांगितले आहे.

अस्सलायन सुत्ताच्या शेवटी असित देवल ऋषीची कथा आहे. देवल सात ब्राह्मण ऋषींना विचारतो : तुमची आई ब्राह्मणाकडेच गेली, अन्य कोणाकडे नाही, हे तुम्हांस ठाऊक आहे काय? आईची आई, तिची आई, अशा सात पिढ्यांबद्दल ठाऊक आहे काय? पित्याच्या सात पिढ्यांबद्दल? प्रत्येक वेळी उत्तर नकारार्थी येते. मग तो विचारतो, गर्भाची अवक्रांती कशी होते, हे तरी जाणता काय? येथे मात्र ऋषी होकार देतात व तीन अटी सांगतात : माता-पित्याचा संयोग, मातेचा ऋतुकाळ आणि 'गन्धब्बा'ची उपस्थिती. त्यावर देवलाचा अखेरचा प्रश्न येतो : तो गन्धब्ब क्षत्रिय, ब्राह्मण, वैश्य की शूद्र, हे तुम्हांस माहीत आहे काय? ऋषी निरुत्तर होतात.

या प्रसंगातील एका गोष्टीकडे आम्ही वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो. तीन अटींचे सूत्र येथे ब्राह्मण ऋषींच्या तोंडी आहे. म्हणजे ते त्या काळचे सर्वसामान्य मत होते; बौद्धांचा स्वतंत्र शोध नव्हता. सुत्ताचे वैशिष्ट्य त्या मताच्या उपयोगात आहे. प्रतिपक्षाला मान्य असलेले गर्भशास्त्र हाती घेऊन, त्यात वर्णाला शिरावयास जागाच नाही, हे तेथे दाखविले आहे. जन्माची कारणे मोजावीत. त्या कारणांत वर्ण सापडत नाही.

साती आणि गन्धब्ब

हेच तीन अटींचे सूत्र महातण्हासंखय सुत्तात स्वतः तथागतांच्या मुखी येते. तेथील संदर्भ पाहिल्याशिवाय त्याचा अर्थ लावणे धोक्याचे आहे. कोळ्याचा पुत्र साती नावाचा भिक्खू असे मानू लागला होता की, एकच विज्ञान न बदलता जन्मोजन्मी फिरत राहते. तथागत त्याला कडक शब्दांत सुधारतात. विज्ञान हे प्रत्ययांवाचून उत्पन्न होत नाही. लाकडामुळे पेटलेला तो लाकडाचा अग्नी, गवतामुळे पेटलेला तो गवताचा अग्नी, तसे विज्ञान ज्या प्रत्ययाने उत्पन्न होते त्याच्या नावाने ओळखले जाते. या विवेचनाच्या ओघातच गर्भधारणेच्या तीन अटी येतात. त्यामुळे गन्धब्ब म्हणजे देहाबाहेर थांबलेला आत्मा असा अर्थ करणे म्हणजे ज्या मताचे खंडन चालले आहे तेच मत मागच्या दाराने आत घेणे होय.

अट्ठकथाकारांनाही ही अडचण जाणवली होती. गन्धब्ब म्हणजे माता-पित्याचा संयोग न्याहाळत जवळ उभा असलेला कोणी नव्हे, कर्मप्रेरित होऊन त्या ठिकाणी उत्पन्न होणारा सत्त्व तो, असा खुलासा अट्ठकथेत केला आहे. सर्वास्तिवादी परंपरेने मात्र मृत्यू व पुनर्भव यांच्यामध्ये एक अंतराभव मानला. थेरवाद्यांनी कथावत्थूमध्ये तो नाकारला. म्हणजे या शब्दाच्या अर्थाविषयी बौद्ध संप्रदायांतही एकमत नव्हते. महानिदान सुत्तात विज्ञान आणि नामरूप एकमेकांच्या आधाराने उभे असल्याचे सांगितले आहे, तर अंगुत्तरनिकायात सहा धातूंच्या आधाराने गर्भाची अवक्रांती होते असे म्हटले आहे. या सर्व ठिकाणी विचाराची पद्धत एकच आहे : अमुक असता अमुक होते. शरीरासाठी सुत्तांत वारंवार येणारे 'मातापेत्तिकसम्भव' हे विशेषणही तेच सांगते. देह माता व पिता या दोघांपासून झालेला आहे, आणि समासात माता प्रथम आहे.

इंदक यक्षाची शंका

संयुत्तनिकायात राजगृहाजवळील इंदकूट पर्वतावर इंदक नावाचा यक्ष तथागतांना प्रश्न विचारतो. रूप म्हणजे जीव नव्हे असे बुद्ध सांगतात, तर मग हा प्राणी देह कसा मिळवितो, त्याची हाडे-मांस कोठून येतात आणि तो गर्भाशयात कसा चिकटून राहतो? या शेवटच्या प्रश्नातील 'सज्जति' हे क्रियापद महत्त्वाचे आहे. गर्भ 'रुजतो' असे आज मराठीत म्हणतात, त्या घटनेविषयीच यक्षाची ही शंका आहे.

उत्तरात पाच अवस्था सांगितल्या आहेत : कलल, अब्बुद, पेसि, घन आणि पसाखा, त्यानंतर केस, रोम, नखे. आणि माता जे अन्नपान घेते त्यावर उदरातील जीव पोसला जातो. अट्ठकथेनुसार यक्षाची समजूत अशी होती की, प्राणी मातेच्या कुशीत एका फटक्यात तयार होतो. तसे नसून तो क्रमाक्रमाने घडतो, असे तथागतांना सांगावयाचे आहे.

पाचव्या शतकातील अट्ठकथेने या अवस्थांचे वर्णन दिले आहे. लोकरीच्या तीन तंतूंनी वळलेल्या सुताच्या टोकावर राहील एवढ्या तेलाच्या थेंबासारखा कलल; सात दिवसांनी मांस धुतलेल्या पाण्याच्या रंगाचा अब्बुद; मग वितळलेल्या शिशासारखी पेसि; मग कोंबडीच्या अंड्याच्या आकाराचा घन; आणि पाचव्या आठवड्यात दोन हात, दोन पाय व डोके यांसाठी पाच कोंभ. नाळ ही कमळाच्या देठासारखी पोकळ असून तिच्यातून अन्नरस जातो, असेही तेथे म्हटले आहे.

हे वर्णन कोठून आले असावे? गर्भपात व प्राण्यांची चिरफाड हे प्राचीन जगातील निरीक्षणाचे मार्ग होते. सुईणी, खाटीक व वैद्य यांचे ज्ञान त्यात उतरले असणे संभवनीय आहे. हाता-पायांचे कोंभ चौथ्या आठवड्याच्या अखेरीस दिसू लागतात असे आजचे गर्भशास्त्र सांगते, म्हणून त्या निरीक्षणाचे कौतुक करावे. परंतु तेवढ्यावर थांबावे. 'पेसि' म्हणजे मांसाचा गोळा. आज मराठीत सजीवाच्या सूक्ष्मतम घटकाला आपण 'पेशी' म्हणतो, म्हणून सुत्तात पेशीसिद्धांत सापडला असे म्हणणे हा शब्दाचा खेळ होईल. पेशीसिद्धांत १८३८-३९ मध्ये श्लायडेन व श्वान यांनी मांडला. शिवाय अट्ठकथेत चुकाही आहेत. ऋतुस्राव थांबल्यानंतरचे सात दिवस गर्भधारणेस योग्य, असे तेथे मानले आहे. प्रत्यक्षात पुढील पाळीच्या सुमारे चौदा दिवस आधी स्त्रीबीज सुटते, हे जपानमधील ओगिनो व ऑस्ट्रियातील क्नाउस यांनी १९२० च्या दशकात दाखविले. त्याहून बोलकी गोष्ट अशी की, त्या सात दिवसांसाठी अट्ठकथेने वापरलेला शब्द 'खेत्त' म्हणजे क्षेत्र हाच आहे. सुत्तांत नसलेली उपमा अट्ठकथेत शिरली. समाजाच्या भाषेचा प्रभाव विहाराच्या भिंतींनी अडत नाही.

दोन केंद्रकांची भेट

आता युरोपकडे वळू. विल्यम हार्वे याने इंग्लंडच्या राजाच्या शिकारीतील हरिणींची गर्भाशये तपासली आणि ती निरीक्षणे १६५१ मध्ये प्रसिद्ध केली. समागमानंतर कित्येक आठवडे त्यात वीर्यही दिसेना आणि गर्भही दिसेना. १६७२ मध्ये द ग्राफ याने अंडाशयातील पुटकांचे वर्णन केले. १६७७ मध्ये हॉलंडमधील लेव्हेनहुक याने सूक्ष्मदर्शकाखाली वीर्यात वळवळणारे असंख्य जीव पाहिले. येथून एक विचित्र वाद सुरू झाला. काहींच्या मते संपूर्ण मनुष्य सूक्ष्म रूपाने शुक्राणूतच बसलेला असतो. १६९४ मध्ये हार्टसूकर याने तर शुक्राणूच्या डोक्यात गुडघे पोटाशी घेऊन बसलेल्या माणसाचे चित्र छापले. इतरांच्या मते तो मनुष्य अंड्यात असतो. दोन्ही पक्षांत प्राणी आधीच घडलेला आहे. तो फक्त मोठा होतो. इंदक यक्षाचा 'एका फटक्यात' हा समज येथे नव्या वेषात दिसतो, आणि बीजवाद्यांचे क्षेत्रही.

अठराव्या शतकात इटलीतील स्पालान्झानी याने नर बेडकांना मेणकापडाच्या चड्ड्या घालून पाहिले. त्या माद्यांची अंडी फळली नाहीत. वीर्य गाळले असता गाळलेल्या द्रवाची शक्ती जाते आणि गाळणीवरील अंशात ती राहते, हेही त्याने दाखविले. तरी शुक्राणू हेच कारण, हे त्याला स्वतःला पटले नाही. प्रयोग हातात असूनही जुने मत सुटत नाही, याचे हे उत्तम उदाहरण होय. १८२७ मध्ये फॉन बेअर याने कुत्रीच्या अंडाशयात सस्तन प्राण्याचे खरे बीजांड प्रथम पाहिले.

निर्णायक निरीक्षणे त्यानंतर साठ वर्षांच्या आत आली. १८७६ मध्ये ओस्कार हेर्टविग याने समुद्री साळूच्या अंड्यात दोन केंद्रके एकत्र येताना पाहिली : एक अंड्याचे, दुसरे शुक्राणूचे. १८८३ मध्ये बेल्जियममधील फान बेनेडेन याने घोड्याच्या आतड्यातील जंतावर काम करून दाखविले की, फलित अंड्यातील चार गुणसूत्रांपैकी दोन मातेची व दोन पित्याची असतात. बीज-क्षेत्राच्या सिद्धांताचा निकाल त्या जंताच्या अंड्यात लागला. मनुष्याची गुणसूत्रे ४६ आहेत हे १९५६ मध्ये निश्चित झाले. २३ आईची, २३ वडिलांची. याशिवाय पहिल्या पेशीतील बहुतेक सर्व द्रव्य आणि ऊर्जा निर्माण करणाऱ्या तंतुकणिका मातेच्याच असतात. १९०५ मध्ये अमेरिकेत नेट्टी स्टीव्हन्स या संशोधिकेने एका किड्यावरील अभ्यासातून लिंग हे शुक्राणूतील गुणसूत्रावर ठरते, असे दाखविले. मनुष्यातही तसेच आहे. मुलगी झाली म्हणून सुनेला घराबाहेर काढणारे कुटुंब ज्या घटनेचा दोष तिला देते, ती घटना मुलाच्या शुक्राणूने ठरलेली असते.

'स्त्रीबीज' हा शब्द मराठी पाठ्यपुस्तकांतून आता रूढ आहे. मनूच्या चौकटीत हा शब्द संभवतच नाही. तेथे बीज एकच आणि ते पुरुषाचे. भाषेने स्वीकारलेले हे सत्य समाजाने मात्र अद्याप पुरते स्वीकारलेले नाही.

गर्भ कसा रुजतो

मनुष्याचे बीजांड मिलीमीटरच्या सुमारे दहाव्या भागाएवढे असते. अंडाशयातून सुटल्यावर ते बीजवाहिनीत येते आणि जेमतेम एक दिवस फलनक्षम राहते. शुक्राणू स्त्रीदेहात पाच दिवसांपर्यंत टिकू शकतात. मात्र वीर्यातून निघालेला शुक्राणू लगेच फलन करू शकत नाही. स्त्रीच्या प्रजननमार्गात काही काळ राहिल्यावरच त्याला ती क्षमता येते, हे १९५१ मध्ये चँग व ऑस्टिन यांनी स्वतंत्रपणे शोधले. बीज क्षेत्राने सिद्ध केल्यावाचून बीज होत नाही, असे जुन्या भाषेत म्हणावे लागेल. शुक्राणूच्या पृष्ठभागावरील 'इझुमो' हे प्रथिन २००५ मध्ये जपानात आणि बीजांडावरील त्याची जोडीदार 'जुनो' २०१४ मध्ये ब्रिटनमध्ये ओळखली गेली. विवाहाशी संबंधित जपानी देवस्थान व रोमन देवता यांवरून ही नावे दिली आहेत. उंदरांवरील प्रयोगांत यांपैकी एकही नसेल तर फलन होत नाही.

फलनानंतर पेशी दुभंगत जातात. तीन-चार दिवसांनी तो गोळा गर्भाशयात उतरतो, पाचव्या दिवशी आतून पोकळ होतो आणि सहाव्या-सातव्या दिवसाच्या सुमारास आपले कवच सोडून गर्भाशयाच्या अस्तराला चिकटू लागतो. त्याच्या बाहेरील पेशी अस्तरात शिरतात आणि त्यांतूनच पुढे वार तयार होते. याच पेशी एक संप्रेरक स्रवतात. त्याच्यामुळे अंडाशयातील पीतपिंड टिकून राहतो, पाळी येत नाही आणि अस्तर गळून पडत नाही. लघवीवरून गर्भ ओळखण्याची चाचणी याच संप्रेरकावर आधारलेली आहे. बर्लिनमधील आशहाइम व झोंडेक यांनी १९२७-२८ मध्ये तिचा पाया घातला. अस्तरही केवळ वाट पाहत नसते. महिन्यातील काही मोजके दिवसच ते गर्भाला स्वीकारते. गर्भाची निम्मी गुणसूत्रे पित्याची, म्हणजे मातेच्या देहाला परकी. तरी मातृदेह त्याला नाकारत का नाही, हा प्रश्न १९५३ मध्ये मेडावर यांनी विचारला आणि त्यावर आजही संशोधन चालू आहे.

मनुष्यगर्भाच्या या पहिल्या दिवसांचे दर्शन बॉस्टनजवळच्या एका रुग्णालयात हेर्टिग व रॉक यांच्या कामातून घडले. १९३८ पासून सुमारे पंधरा वर्षांत, गर्भाशय काढण्याची शस्त्रक्रिया होणार असलेल्या २१० स्त्रियांपासून त्यांना ३४ अतिबाल गर्भ मिळाले. त्याच प्रयोगशाळेत मिरियम मेन्किन यांनी १९४४ मध्ये मनुष्याच्या बीजांडाचे शरीराबाहेर फलन घडवून आणले. विज्ञानाच्या इतिहासात रुग्ण स्त्रियांची आणि प्रयोगशाळेतील सहकारी स्त्रियांची नावे सहसा मागे राहतात, हेही येथे नोंदवावे.

अमेरिकेत विल्कॉक्स व सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात रुजलेल्या १९८ गर्भांपैकी ३१ टक्के पुढे टिकले नाहीत. त्यांतील बहुतेक स्त्रीला गर्भ राहिल्याचे कळण्यापूर्वीच गेले. १९९९ च्या त्यांच्याच अभ्यासात, टिकलेल्या गर्भांपैकी ८४ टक्के बीज सुटल्यानंतर आठव्या, नवव्या किंवा दहाव्या दिवशी रुजल्याचे आढळले. म्हणजे संयोग झाला, ऋतुकाळ होता, फलनही झाले, तरी जन्म निश्चित नाही. प्रत्ययांची साखळी लांब आहे आणि तिच्यातील कोणताही दुवा निसटू शकतो. गर्भ पडलेल्या बाईला करणी, पूर्वजन्मीचे पाप किंवा पांढऱ्या पायाची म्हणून हिणविणाऱ्यांना हे आकडे सांगितले पाहिजेत.

कोलकाता आणि परळ

२५ जुलै १९७८ रोजी इंग्लंडमध्ये एडवर्ड्स, स्टेप्टो आणि जीन पर्डी यांच्या प्रयत्नांतून शरीराबाहेर फलन झालेले पहिले मूल जन्मले. त्यानंतर अवघ्या सत्तर दिवसांनी, ३ ऑक्टोबर १९७८ रोजी, कोलकात्यात डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांच्या प्रयोगातून एक मुलगी जन्मली. राज्य शासनाने नेमलेल्या समितीने त्यांचा दावा फेटाळला, त्यांची बदली झाली आणि १९ जून १९८१ रोजी त्यांनी जीवन संपविले. ६ ऑगस्ट १९८६ रोजी मुंबईत परळच्या के.ई.एम. रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा व डॉ. टी. सी. आनंदकुमार यांच्या कार्यातून जन्मलेले मूल भारतातील पहिले मानले गेले. पुढे आनंदकुमार यांनीच मुखोपाध्यायांची कागदपत्रे तपासून १९९७ मध्ये त्यांना श्रेय दिले आणि स्वतःचा मान सोडला. सत्यापुढे अहंकार ठेवू नये, याचे असे उदाहरण विद्वानांत विरळाच.

ज्ञानाबरोबर त्याचा दुरुपयोगही आला. गर्भलिंगचिकित्सेविरुद्ध महाराष्ट्राने १९८८ मध्ये देशातील पहिला कायदा केला. केंद्राचा कायदा १९९४ मध्ये आला, आणि कृत्रिम गर्भधारणेच्या नियमनाचा २०२१ मध्ये. तरीही शुक्राणू किंवा बीजांड देणारी व्यक्ती आपल्याच जातीची हवी अशी मागणी करणारी जोडपी असतात, हे वृत्तपत्रांतून वेळोवेळी छापून आले आहे. सूक्ष्मदर्शकाखाली पेशी दिसते, जात दिसत नाही. तरी मनू तेथपर्यंत पोहोचलाच.

बाबासाहेबांनी दाखविलेली दिशा

'जातिप्रथेचे विध्वंसन' या १९३६ च्या ग्रंथात बाबासाहेबांनी वंशशुद्धीच्या नावाने जातीचे समर्थन करणाऱ्यांचा समाचार घेतला आहे. त्यांच्या निधनानंतर १९५७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात त्यांनी पुनर्जन्म कशाचा आणि पुनर्जन्म कोणाचा, असे दोन प्रश्न वेगळे केले. त्याच ग्रंथात ते दाखवितात की, विज्ञानानुसार मुलात माता-पित्याचे गुण उतरतात, तर हिंदू कर्मसिद्धांत मुलाला माता-पित्याकडून देहाखेरीज काहीच मिळत नाही असे मानतो; आत्मा बाहेरून आत घातला जातो. बाबासाहेबांनी सुत्ते वाचली ती या कसोटीवर. साती आणि गन्धब्ब यांविषयी वर जे विवेचन केले, ते त्याच वाटेने जाते.

गर्भधारणेचे ज्ञान सामान्य स्त्री-पुरुषांपर्यंत पोहोचावे, ही त्यांची भूमिका कृतीतही दिसते. १९३४ मध्ये 'समाजस्वास्थ्य' मासिकाच्या खटल्यात त्यांनी रघुनाथ धोंडो कर्वे यांची बाजू न्यायालयात मांडली. नोव्हेंबर १९३८ मध्ये स्वतंत्र मजूर पक्षाने संततिनियमनाचा ठराव मुंबई विधानसभेत आणला. खटला हरला आणि ठरावही नामंजूर झाला. परंतु लैंगिक विषयाचे शास्त्रीय ज्ञान अश्लील नाही, ही भूमिका त्यातून नोंदली गेली.

म्हणून आमचे निवेदन असे. बुद्धांना गुणसूत्रे ठाऊक होती असा दावा आपण करू नये. तो खोटा आहे, आणि खोट्या दाव्याने धम्माची शोभा होत नाही. गर्भाविषयी त्यांच्या काळी जे ज्ञान उपलब्ध होते तेच सुत्तांत आहे. परंतु त्याच ज्ञानावर एका परंपरेने स्त्रीला शेत केले आणि वर्णाला बीजात कोंबले, तर तथागतांच्या परंपरेने जन्माची कारणे मोजली आणि त्यांत वर्ण नाही असे दाखविले. पुढे ज्ञान वाढले तेव्हा पहिल्या परंपरेचा पायाच ढासळला. दुसरीला आपले एकही मूलभूत प्रतिपादन मागे घ्यावे लागले नाही. बदलला तो केवळ तपशील.

विहारांतून अस्सलायन सुत्त वाचले जाते, ते योग्यच आहे. त्याबरोबर एखाद्या दिवशी उपासक-उपासिकांना, विशेषतः लग्न ठरलेल्या तरुण-तरुणींना, स्त्रीबीज व शुक्राणू यांचे कार्य, मुलगा-मुलगी ठरण्याचे कारण आणि गर्भ न राहिल्यास पती-पत्नी दोघांचीही तपासणी करण्याची आवश्यकता हे एखाद्या वैद्याकडून समजावून द्यावे. मूल होत नाही म्हणून एकट्या बाईला दर्ग्यावर, देवळात आणि भगताकडे फिरविणारी कुटुंबे आपल्या वस्त्यांतही आहेत. ज्या दिवशी तेथील पुरुषही तपासणीला जाऊ लागेल, त्या दिवशी अस्सलायनाला विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर आपल्याला कळले असे आम्ही समजू.